तोडीवरल्यांचा हात

कंपनीचा माणूस पहिल्यांदा गावात आला तेव्हा मी दारात बसून एका ब्लाऊजच्या बाह्या उसवत होते. गाडी त्यानं ओढ्यापलीकडं उभी केली होती आणि चालत आला होता. ज्याच्या मनात काही नसतं तो गाडी थेट मारुतीच्या पारापर्यंत आणतो, असं माझ्या मनात तेव्हाच आलं. त्यानं पाणी मागितलं, मी दिलं. तांब्या परत देताना तो म्हणाला, ‘‘ताई, या गावात माणसं किती राहतात?’’

‘‘आत्ता, का पाडव्यानंतर?’’ मी विचारलं.

त्याला काही कळलं नाही. तो शहरातला असणार. आमच्या भागात दसरा-दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला निघून जातं, ते कारखान्यांचे पट्टे पडून गाळप थांबलं की पाडव्याच्या आगेमागे परततं. मधल्या दिवसांत गावात उरतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं, मेंढरामागचे धनगर आणि माझ्यासारख्या चारदोन बायका. त्यामुळं माणसं किती, याला आमच्याकडं एक उत्तर नसतं. तो हसला आणि म्हणाला, ‘‘इथं टॉवर उभा करायचा विचार आहे.’’

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. माहेरी मला ‘दोनदा दूध हुंगणारी’ म्हणायचे. पुढं शिवणकाम धरलं तेव्हा हा स्वभाव कामाला आला. बाई सांगेल ते माप मी कधी खरं धरलं नाही, टेप लावल्याशिवाय कात्री चालवली नाही. पण मशीनवरून उठलं तरी टेप गळ्यातच राहते, हा त्यातला तोटा. टॉवरचं ऐकून दुसरी कुणी असती तर तिनं पेढे वाटले असते. मी विचार करत बसले, की इतकी वर्षं आम्ही अर्ज करून थकलो तेव्हा कुणी फिरकलं नाही, आणि आता न बोलावता कसे आले?

आमचं गाव धारूरच्या अलीकडं, बालाघाटाच्या एका घळीत बसलेलं आहे. चारी बाजूंनी डोंगर, त्यामुळं फोनला रेंज नाही. रेंज हवी तर गावामागच्या कड्यावर चढायचं. वर एक सपाट कातळ आहे, त्यावर उभं राहिलं की फोनमध्ये दोन दांड्या उमटतात. ‘रेंजवर चालले’ असं म्हटलं की कुठं चालली ते कळतं. तोडीवरली माणसं दिवस कलल्यावर आपल्या पाचटाच्या कोपीवर परततात आणि तिथून फोन करतात, म्हणून त्या वेळी सगळं गाव कातळावर. अंधार पडला की बिबट्याच्या भीतीनं वर कुणी थांबत नाही. तेवढ्या वेळात सगळे एकदमच बोलतात, वाऱ्यात आवाज जात नाही म्हणून सगळे ओरडतात, आणि शेजारच्याचं सगळं सगळ्यांना ऐकू येतं. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाचं मुकादमाशी वाजलं, हे घरच्यांच्या आधी शेजाऱ्यांना कळायचं.

मला नवऱ्याला एकच गोष्ट विचारायची होती, आणि ती त्या कातळावर विचारता येत नव्हती.

लग्नानंतर काही वर्षं आम्ही दोघं मिळून तोडीला जायचो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पुढं माझी पाठ गेली, मुलगी शाळेत जायची झाली, मी गावात राहून मशीन घेतली. तो एकटा जायला लागला. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, आणि अर्ध्या कोयत्याची संध्याकाळ लई वाईट असते, हे मला तोडीवरचं माहीत होतं. कोपीत जाऊन चूल पेटवणारं कुणी नाही, बोलायला कुणी नाही, आणि बाटलीवाला मात्र रोज येतो. त्याला ती सवय लागली. एका वर्षी तो परत आला तेव्हा ओळखू येईना. मी मुलीला घेऊन माहेरी निघाले, तेव्हा त्यानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि दारू सोडली. खरोखर सोडली. मागचे हंगाम त्यानं ताक पिऊन काढले, हे मला त्याच्याबरोबरच्या बायकांनी सांगितलं होतं आणि मी ते दोघीतिघींकडून पडताळून घेतलं होतं.

या हंगामात दिवाळीनंतर काहीतरी बिनसलं. आधी तो इतरांसारखा दिवस कलल्यावर फोन करायचा. मग एकदम सकाळचे फोन सुरू झाले, कोवळ्या उन्हातले. ‘‘संध्याकाळी गाडी भरायची असती,’’ म्हणाला. बाकीच्यांच्या गाड्या संध्याकाळी भरत नव्हत्या का? त्यांचे फोन तर येत होते. मी आडून आडून काही विचारलं की लगेच, ‘‘आवाज येत न्हाई, आवाज येत न्हाई.’’ सकाळी कातळावर आम्ही दोघीतिघीच असायचो, पण त्या दोघीतिघी पुरेशा होत्या. ‘घेतली का?’ एवढे दोन शब्द मी तिथं उच्चारले असते तर दुपारपर्यंत गिरणीवर त्याचं पीठ झालं असतं. आणि नुसतं विचारून भागलं नसतं. मला त्याचा संध्याकाळचा आवाज ऐकायचा होता, घरात, दार लावून, वारा नसताना. पहिल्या ‘हॅलो’तच मला कळलं असतं.

म्हणून मला टॉवर हवा होता. लोकांना इंटरनेट हवं होतं, पोरांना गेम हवे होते, मला माझ्या नवऱ्याची एक संध्याकाळ हवी होती.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नोटीस लागली. कंपनीनं ना हरकत मागितली आहे, कुणाची हरकत असल्यास ग्रामसभेत सांगावी. जागा कुठली, तर सरपंचांच्या मेव्हण्याचं पडीक वावर. ते वाचून माझ्या मनात पाल चुकचुकली नसती तरच नवल. सगळ्या शिवारात उंच जागा कितीतरी आहेत, पण मोजणीचं मशीन लावून बघणाऱ्याला नेमकं मेव्हण्याचंच वावर उंच दिसलं. माजी सरपंचांनाही तसंच वाटलं. त्यांचं स्वतःचं वावर त्याच्या शेजारी होतं आणि ते त्यांच्या मते वीतभर जास्त उंच होतं. मग गावात दोन तट पडले आणि जो तो दुसऱ्याच्या पोटात काय शिजतंय ते हुंगत फिरू लागला.

हळूहळू त्यात किरणांची भर पडली. टॉवरच्या किरणांनी चिमण्या मरतात, लेकरांचं डोकं दुखतं, शेजारच्या तालुक्यात म्हणे एक विहीर आटली. आमच्या वाड्याजवळ मेंढरं बसवणारे एक धनगर मामा आहेत, त्यांनी तर शपथेवर सांगितलं, ‘‘टॉवरखाली मेंढी गाभ धरत न्हाई.’’

‘‘कुणी सांगितलं मामा?’’

‘‘सांगायला कशाला पायजे? उंच, लाल दिव्याचं, रातभर डोळं मिचकावतंय. मेंढीला लाज वाटत नसंल व्हय?’’

ग्रामसेवक भला माणूस होता. त्यानं समजावलं, की शाळेपासून टॉवर लांब ठेवायला सांगता येईल, कुंपण घालायला लावता येईल, ठरावात अटी घालता येतील. लोकांनी मान हलवली आणि घरी जाऊन पुन्हा चिमण्यांचं सुरू केलं. मला त्या सगळ्याचं सोयरसुतक नव्हतं. सरपंच खाऊ दे, मेव्हणा खाऊ दे, चिमण्यांनी आपलं बघावं. पण हे असं मोठ्यानं म्हणता येत नाही, म्हणून मी लेकरांच्या अभ्यासाचं कारण पुढं करायची.

आता आमच्या ग्रामसभेची एक चाल आहे, ती कुठल्या कायद्यात नसणार. हिवाळ्यात सभा घेतली तर माणसंच नसतात. म्हणून फार पूर्वी कधीतरी असं ठरलं, की घरात मागं राहिलेल्या म्हाताऱ्या माणसानं दोन हात वर करायचे, एक आपला आणि एक तोडीवरल्याचा. ग्रामसेवक बदलून आले की प्रत्येकजण पहिल्या सभेत डोक्याला हात लावतो, मग तोही मोजायला लागतो. पण या चालीला एक बंधन आहे. तोडीवरल्याला फोनवर विचारूनच त्याचा हात वर करायचा. खोटा हात वर केला तर तिकडं त्याच्या डोक्यावरची उसाची मोळी घसरते, अशी पक्की समजूत. ऊस भरताना फळीवरून मोळी घसरली म्हणजे काय होतं ते आमच्यातल्या प्रत्येकानं बघितलेलं आहे. त्यामुळं एरवी खोटं बोलणारी माणसंही त्या हाताच्या बाबतीत खोटं बोलत नाहीत. आणि तो हात आईबापाचा मान. बायको घरात असली तरी तिनं आपला एकच हात वर करायचा.

थंडीतली सभा शाळेच्या ओसरीत भरली. सगळे कांबळी पांघरून बसलेले. ग्रामसेवकानं विचारलं, ‘‘टॉवरच्या बाजूनं कोण?’’ मी हात वर केला. समोर म्हाताऱ्यांचे दोन-दोन हात वर गेले, कांबळी खांद्यावरून घसरली. मग त्यानं विचारलं, ‘‘विरोधात कोण?’’ आणि माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाईंनी, म्हणजे माझ्या आत्याबाईंनी, दोन्ही हात वर केले.

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. लेकाचा आवाज ऐकायला मिळत नाही म्हणून रोज डोळ्याला पदर लावणारी हीच बाई. गुडघे दुखतात, कडा चढवत नाही, म्हणून देवाला कोसणारी हीच. त्यांचे दोन्ही हात असे ताठ वर, जसं कुणी पोलिसानं करायला लावलेत.

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, ‘‘घरात तीन हात अन् दोन पार्ट्या!’’ हातांची मोजणी अशी अटीतटीची झाली, की दोन्ही बाजूंनी आरडाओरडा सुरू झाला. शेवटी ग्रामसेवकानं ठराव तहकूब केला. पाडव्यानंतर माणसं आली की पुन्हा सभा घेऊ, तेव्हा ज्यानं त्यानं आपला हात वर करायचा, हे दोन हातांचं नाटक बास, असं त्यानं बजावलं.

 घरी येऊन चूल पेटवल्यावर मी विचारलं, ‘‘आत्याबाई, कावून असं केलं?’’

‘‘त्याचा हात त्यानं सांगितला तसा वर केला. माजा मला वाटला तसा.’’

‘‘त्यानं कवा सांगितलं? तुमी तर कड्यावर येतच न्हाईत.’’

‘‘सांगितलं,’’ एवढंच म्हणून त्या तव्यावरच्या भाकरीकडं बघत बसल्या, जशी ती भाकरी आता काहीतरी बोलणार होती.

मला आधी वाटलं, माजी सरपंचांनी त्यांना फितवलं. दोनच दिवस आधी त्यांच्या घरून हुरड्याची कणसं आली होती, आणि आमचं त्यांच्याशी असं देणंघेणं कधी नव्हतं. मी तसं बोलून दाखवलं. आत्याबाई इतक्या चिडल्या की त्यांनी उरलेली कणसं उचलून शेळीपुढं टाकली. ‘‘हुरड्यापायी कुणी लेकाच्या डोक्यावरची मोळी पाडतं का गं? आई हाय मी त्याची.’’

ते पटलं, आणि पटल्यामुळं जास्तच भीती वाटली. त्यांनी खोटा हात वर केला नसेल, तर हात खरा होता. म्हणजे टॉवर नको, असं त्यानंच सांगितलं होतं. माझ्याशी टॉवरविषयी बोलताना मात्र तो ‘बघू, होईल, बरं हाय’ असं म्हणत होता. मग हे दोघं बोलले कधी? आणि बायकोला एक, आईला एक, असं कशासाठी?

उत्तर मिळालं ते धनगर मामांकडून. त्यांच्या बंडीचं अस्तर शिवायचं होतं, ते घेऊन आले आणि सहज बोलून गेले, ‘‘तुजा मालक लई गुणाचा हाय. आईशी बोलायला म्हणून माज्या फोनवर फोन करतो. शेळी चारायला आली की म्हातारीला मी खालच्या अंगानं, शेळवाटेनं वर आणतो. तिकडून चढ कमी हाय, अन् कातळाच्या पल्याड बी रेंज येती, गर्दी नसती.’’

‘‘कवा करतो?’’

‘‘संध्याकाळचंच की.’’

मशीनची सुई माझ्या बोटाजवळ थांबली. मला सकाळचा फोन, आईला संध्याकाळचा. मला गाडी भरायची असते, आईला नसते. ‘‘काय बोलतेत?’’ मी विचारलं. मामा म्हणाले, ‘‘मी कशाला ऐकू? मी मेंढरं वळीत आस्तो. म्हातारी रडती कवा कवा. आईचं काळीज, दुसरं काय?’’

त्या रात्री मी जेवले नाही. मला आत्याबाईंचा इतका राग आला, की त्यांच्या ताटात वाढताना माझा हात आपटत होता. माझ्या नवऱ्याचं जे काही चाललं होतं ते त्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं. मी सगळ्या शंका एकेक करून घालून बघितल्या. बाई असेल का? आजार असेल का? की माझ्यापासून वेगळं राहायचा बेत मायलेकांनी मिळून केलाय? दारूची शंका तर तळाला होतीच, पण त्या दिवसांत ती सगळ्यात लहान वाटायला लागली. मनात एकदा पीळ पडला की साधी दोरीही साप दिसते. आत्याबाई देवाजवळ बसल्या तरी वाटायचं, काय मागतायत? माझ्या विरोधात तर नाही ना?

त्यांना सरळ विचारायचं धाडस मी एकदाच केलं. त्या म्हणाल्या, ‘‘तो आल्यावर त्यालाच इचार.’’ आणि वर, ‘‘पण लगेच नको. जरा थंड होऊ दे त्याला.’’

पाडव्याच्या आधी ट्रॅक्टर परतले. नवरा उतरला तेव्हा काळवंडला होता, पण तोडीवरून कुणी गोरं होऊन येत नाही. मुलीसाठी त्यानं बांगड्या आणल्या होत्या, माझ्यासाठी साडी. मी साडी घेण्याआधी त्याच्या श्वासाचा वास घेतला. काही नव्हतं. त्याचे कपडे धुताना मी प्रत्येक शर्ट नाकाला लावून बघितला, पिशवीचे कप्पे उलटे केले, कोयत्याच्या मुठीचं फडकंही सोडवून बघितलं. घाम, चिपाडं, माती, एवढंच. रात्री तो वेळेवर घरी, झोपायला ओसरीत, कुठं जाणं-येणं नाही. मी पाळत ठेवली आणि पाळतीत काही सापडलं नाही.

उलट आत्याबाईंचंच वागणं विचित्र झालं. सकाळी त्याला चहा त्याच देणार, पेल्यात अर्धाच देणार, वर तो पिऊन होईपर्यंत पुढ्यात बसणार. जेवताना भाकरी कुस्करून त्याच देणार, जसा तो पाळण्यातून आत्ताच उतरलाय. दाढी करायला घरात आरसा असताना त्याला न्हाव्याकडं धाडणार. मी म्हटलं, ‘‘आत्याबाई, मी मेले का?’’ तर म्हणाल्या, ‘‘लई दिसानं आलाय. करू दे मला.’’ मला वाटलं, सवती असतात तशी ही सासू आहे. लेक हातचा जाऊ नये म्हणून टॉवर नको, कारण टॉवर आला की घरातला फोन माझ्या हातात, दार माझ्या हातात. आता सगळं जुळलं असं वाटलं. मायेपोटी केलेला डाव होता, बाकी काही नव्हतं. कितीतरी दिवसांनी मला रात्रीची झोप लागली. मी त्याला काही विचारलंच नाही. ज्याच्या शर्टाला वास नाही त्याला काय विचारायचं?

मग सभेचा दिवस आला. या वेळी सभा शाळेच्या पटांगणात, कडुनिंबाखाली, सकाळच्या वेळी. गाव भरलेलं होतं. पुरुष एका अंगाला, आम्ही बायका दुसऱ्या अंगाला. म्हाताऱ्या बायांना टेकायला भिंत लागते, म्हणून त्या पुरुषांच्या कडेला भिंतीशी बसल्या होत्या. आत्याबाई तिथंच, लेकाच्या शेजारी. कंपनीचा माणूसही आला होता, या वेळी गाडी थेट पारापर्यंत आणून. त्यानं शाळेपासून लांब जागा धरायचं कबूल केलं होतं. ना मेव्हण्याचं वावर, ना माजी सरपंचांचं, वरच्या अंगाला तिसऱ्याचंच. त्यामुळं दोन्ही तट गार पडले होते. चिमण्यांचं कुणी नाव काढलं नाही. धनगर मामांनी मेंढ्यांच्या लाजेचा प्रश्न एकदा मांडला, लोक हसले, तेही हसले.

ग्रामसेवक उठला आणि म्हणाला, ‘‘आता सगळी माणसं घरी आलीत. ज्याचा त्यानं हात वर करायचा. आज्यांनो, एकच हात. बाजूनं कोण कोण?’’

मी माझा हात वर करायच्या आधी नवऱ्याकडं बघितलं. एवढं आयुष्य बघण्यात गेलं, त्या क्षणी कशी न बघणार? हिवाळ्यात त्याचा हात विरोधात गेला होता. आता तो स्वतः बसला होता. त्यानं इकडं बघितलं, माझ्याकडं, आणि हात वर केला. टॉवरच्या बाजूनं.

तो का वर केला, हे मला आजही नीट सांगता येत नाही. पण तो वर गेला आणि थरथरायला लागला. थंडीनं थरथरतो तसा नाही. चैत्राचं ऊन होतं. मनगटापासून बोटांपर्यंत, वाऱ्यात कागद फडफडावा तसा. अशी थरथर मी ओळखत होते. मागच्या वेळी त्यानं सोडली होती तेव्हाचे पहिले दिवस असेच होते, हातातला पेला ओठाला लागायचा नाही, चहा छातीवर सांडायचा. म्हणजे तो आल्यापासून पीत नव्हता. आणि म्हणजे तिकडं असताना, रोज संध्याकाळी.

त्याच्याही ते लक्षात आलं. त्यानं हात खाली घ्यायला सुरुवात केली, तेवढ्यात आत्याबाईंनी आपला हात वर केला आणि त्याच्या हाताला चिकटवला. मग मनगट धरलं. दोन हात मिळून एक उंच झाला आणि थरथर थांबली. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारी आधाराला लेकाचा हात धरून बसली आहे.

ग्रामसेवक मोजत मोजत तिथं आला. ‘‘आजी, परत दोन हात? सांगितलं ना, माणूस घरी आलाय.’’

‘‘माजा एकच हाय,’’ आत्याबाई म्हणाल्या. ‘‘दुसरा त्याचाच हाय. म्या नुसता धरलाय.’’

सगळी सभा हसली. नवराही हसला, तोंड खाली करून. मी हसले नाही. माझ्या डोळ्यांपुढून अर्धा पेला चहा गेला, कुस्करलेली भाकरी गेली, न्हाव्याकडं धाडणं गेलं. थंडीभर संध्याकाळी कुणाचा तरी फोन कानाला लावून ही बाई त्याचा तो आवाज ऐकत होती. मला ऐकू येऊ नये म्हणून तिनं टॉवर अडवला होता. मी तिला सवत ठरवलं, फितूर ठरवलं. आणि मला राग यायचा तोही थांबेना. माझा नवरा बुडत होता आणि तिनं ते माझ्यापासून झाकलं, ते बरोबर होतं का? 

ग्रामसेवक बायकांच्या बाजूला आला. माझ्यापाशी थांबून म्हणाला, ‘‘ताई, थंडीत तुम्हीच सगळ्यात आधी हात वर केला होता. आज नाही?’’

‘‘माझा राहू द्या,’’ मी म्हणाले.

तो पुढं गेला. ठराव मंजूर झाला, टाळ्या वाजल्या, लोकांनी हात खाली घेतले. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी बघितलंय, हे त्यांना कळलं. तरी त्यांनी मनगट सोडलं नाही. लोक उठून घरी निघाले, तरी त्या तशाच धरून बसल्या होत्या. मी उठले, पटांगण ओलांडून पुरुषांच्या बाजूला गेले आणि त्याच्या दुसऱ्या अंगाला बसले.